नावाजलेल्या बँडपुढे उभा राहणारा सोल गायक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोल, म्हणजे चर्चमधल्या गाण्यातून आलेलं अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, ऐकणाऱ्यांना एक कोडं नेहमी पडतं. बँडचं नाव पन्नास वर्षं तेच, आवाज मात्र दर काही वर्षांनी वेगळा. पुढे उभं राहून गाणाऱ्याची कारकीर्द मग नेमकी कशी चालते? बँडबरोबर गाणारे वा गायची इच्छा असलेलेही हेच विचारतात, फक्त त्यांना पट्टी, माइक, घसा आणि पैसे यांचीही उत्तरं हवी असतात. दोघांचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. उदाहरणं अमेरिकेतली आहेत, कारण हे संगीत तिथलं आहे.

बँडचा ‘लीड सिंगर’ आणि बँडचा मालक यांत फरक काय?

बहुतेक वेळा जमीन-अस्मानाचा. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा टॉवर ऑफ पॉवर हा बँड घ्या. १९६८ साली टेनर सॅक्सोफोनवाले एमिलिओ कॅस्टिलो आणि बॅरिटोन सॅक्सोफोनवाले स्टीफन ‘डॉक’ कुप्का यांनी तो उभा केला. बँडची ओळख म्हणजे पाच जणांचा ब्रास सेक्शन, म्हणजे फुंकून वाजवायच्या वाद्यांचा ताफा: दोन ट्रंपेट, दोन टेनर आणि एक बॅरिटोन सॅक्सोफोन. १९७०च्या पहिल्या अल्बमवर मुख्य आवाज रूफस मिलर यांचा होता. १९७२च्या ‘बंप सिटी’वर तो रिक स्टीव्हन्स यांचा झाला, १९७३पासून लेनी विल्यम्स आले, १९७५मध्ये ह्यूबर्ट टब्स. पुढे बऱ्याच बदलांनंतर २००० साली लॅरी ब्रॅग्ज आले आणि दशकाहून अधिक काळ टिकले. गायक येत-जात राहिले, पण गाणी लिहिणारे, वाद्यांची मांडणी करणारे आणि नाव सांभाळणारे कॅस्टिलो-कुप्का जागेवर होते.

गायक बदलला तरी बँड का मोडला नाही, याचं उत्तर यातच आहे. ऐकणाऱ्याच्या कानात राहते ती ब्रासची फेक आणि बास-ड्रमचा ठेका. आवाज त्यावर बसतो. कॉमोडोर्स या बँडचंही असंच झालं. गायक लायोनेल रिची १९८२मध्ये बँड सोडून गेले, तेव्हा अनेकांनी बँड संपला असं गृहीत धरलं. १९८५मध्ये वॉल्टर ऑरेंज आणि नव्याने आलेले जे. डी. निकोलस यांच्या आवाजातलं ‘नाइटशिफ्ट’ अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं आणि त्याला ग्रॅमीही मिळालं.

लेनी विल्यम्स टॉवर ऑफ पॉवरमध्ये फार थोडी वर्षं होते. तरी त्यांचंच नाव का घेतलं जातं?

कारण त्या थोड्या वर्षांत त्यांनी दोन गोष्टी नीट केल्या.

पहिली, गाण्याची. जन्म आर्कान्सामधल्या लिटल रॉकचा, पण वाढले ओकलंडला, चर्चमधल्या गॉस्पेल गाण्यावर. १९७३चा अल्बम बँडच्याच नावाचा होता. त्यातलं ‘सो व्हेरी हार्ड टु गो’ बिलबोर्डच्या मुख्य यादीत १७व्या क्रमांकावर पोचलं. या गाण्यात ते आवाज कधी चढवतात ते ऐका. ब्रास थांबला की चढवतात. ब्रास आला की ओळ संपवून बाजूला झालेले असतात.

दुसरी, कागदाची. बँडची बहुतेक गाजलेली गाणी कॅस्टिलो-कुप्का यांची आहेत, पण १९७४च्या ‘बॅक टु ओकलंड’मधल्या ‘डोन्ट चेंज हॉर्सेस’च्या लेखनात जॉनी ‘गिटार’ वॉटसन यांच्यासोबत विल्यम्स यांचं नाव आहे. ते २६व्या क्रमांकापर्यंत गेलं. म्हणजे बँड सोडल्यावरही त्या गाण्याच्या लेखनातला त्यांचा हिस्सा त्यांच्याजवळ राहिला. पुढे एकट्याने गायलेलं १९७८चं ‘कॉज आय लव्ह यू’ लोकप्रिय झालं, आणि २००४मध्ये ट्विस्टा या रॅपरने त्याचा तुकडा आपल्या हिट गाण्यात वापरला तेव्हा नवी पिढी त्यांच्याकडे वळली.

सोल गायिका शॅरन जोन्स यांचा पहिला अल्बम ४६व्या वर्षी आला. इतका उशीर का?

आवाज तयार नव्हता म्हणून नव्हे. जन्म १९५६चा, जॉर्जियातल्या ऑगस्टाचा, वाढ ब्रुकलिनमधली. चर्चमध्ये गाणं, लग्नसमारंभातल्या बँडबरोबर गाणं, स्टुडिओत मागच्या आवाजांचं काम, हे सगळं वर्षानुवर्षं चालू होतं. पोटासाठी रायकर्स आयलंडच्या तुरुंगात अधिकारी म्हणून आणि रोकड वाहून नेणाऱ्या चिलखती गाडीवर रक्षक म्हणून नोकरी केली. रेकॉर्ड कंपनीच्या माणसाने त्यांना तोंडावर सांगितलं होतं की तुम्ही फार काळ्या, फार जाड, फार बुटक्या आणि फार वयस्क आहात. ही गोष्ट जोन्स मुलाखतींतून उघडपणे सांगत.

वळण आलं १९९६मध्ये. डेस्को या छोट्या रेकॉर्ड कंपनीत गायक ली फील्ड्स यांच्या गाण्यासाठी मागचे आवाज हवे होते. तीन गायिका हव्या होत्या; तिन्ही आवाज जोन्स यांनी एकट्यांनीच दिले. तिथे बासवादक आणि निर्माते गॅब्रिएल रॉथ यांनी त्यांना हेरलं. डेस्को बंद झाल्यावर रॉथ आणि सॅक्सोफोनवादक नील शुगरमन यांनी डॅपटोन ही कंपनी काढली. डेस्कोच्या जुन्या वादकांभोवती जमलेला बँड डॅप-किंग्ज झाला, आणि २००२मध्ये पहिला अल्बम आला. ‘नॅचरली’ २००५चा, ‘१०० डेज, १०० नाइट्स’ २००७चा, ‘आय लर्न्ड द हार्ड वे’ २०१०चा.

इथे नात्याचा प्रकार टॉवर ऑफ पॉवरपेक्षा वेगळा आहे. वादक आधीपासून एकत्र वाजवत होते, पण नाव पहिल्या दिवसापासून ‘शॅरन जोन्स अँड द डॅप-किंग्ज’. गायिकेचं नाव पुढे, बँडचंही नाव कायम. त्यामुळेच २००६मध्ये ब्रिटिश गायिका एमी वाइनहाउस यांच्या ‘बॅक टु ब्लॅक’ अल्बमवर निर्माते मार्क रॉन्सन यांनी डॅप-किंग्जना घेतलं, तेव्हा बँड जोन्स यांच्याशिवायही ओळखला गेला. त्या अल्बमच्या यशाचा झोत वळून जोन्स यांच्यावर उशिराच पडला, हे मात्र खुपतं.

२०१३मध्ये त्यांना कर्करोग झाल्याचं कळलं. तयार असलेला अल्बम पुढे ढकलून जानेवारी २०१४मध्ये काढला, आणि फेब्रुवारीत त्या न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरमध्ये उभ्या राहिल्या. केमोथेरपीने केस गेले होते. विग न लावता गायल्या आणि नाचल्या. त्या अल्बमला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. १८ नोव्हेंबर २०१६ला त्या गेल्या. शेवटचा अल्बम २०१७मध्ये, त्यांच्या पश्चात आला.

ऑडिशनला काय तयारी करावी?

तीन गाणी पक्की करा: एक संथ, एक जलद ठेक्याचं, एक झुलत्या चालीचं. पण नुसती चाल आणि शब्द पाठ असणं म्हणजे अर्धी तयारी. बाकीची अर्धी अशी:

ब्रासची प्रत्येक ओळ तोंडाने गाऊन पाठ करा. ब्रास कुठे येतो हे माहीत नसेल तर तुम्ही नेमके तिथेच जागा घ्यायला जाल आणि दोघांचाही विचका होईल. ऑडिशन हातची जाण्याचं हे सर्वांत नेहमीचं कारण आहे. चांगला आवाज असलेले गायकच यात जास्त अडकतात, कारण त्यांना रिकामी जागा दिसली की भरावीशी वाटते.

गाण्याचा आराखडा कागदावर मांडा: कडवं किती आवर्तनांचं, मधला भाग कुठे, शेवटचा ‘व्हँप’ कुठून सुरू होतो. व्हँप म्हणजे एक-दोन कॉर्डवर फिरत राहणारा शेवट, जिथे गायक मोकळा असतो. बँड गायकाची खरी परीक्षा तिथे घेतो. दोन मिनिटं त्याच कॉर्डवर काय करता? पहिल्या अर्ध्या मिनिटात सगळा दारूगोळा संपवला तर पुढे ओरडण्याशिवाय काही उरत नाही. एक छोटा शब्दसमूह घ्या, चार वेळा तसाच म्हणा, पाचव्यांदा एक स्वर वर न्या.

हाताच्या खुणा शिकून जा. वर धरलेली मूठ म्हणजे शेवट. डोक्यावर थोपटणं म्हणजे पुन्हा सुरुवातीपासून. बाकीच्या खुणा प्रत्येक बँडच्या निराळ्या. तालमीआधी विचारून घ्या. शेवटाची खूण गायक देणार की बँडचा प्रमुख, हेही विचारा. दोघांनी दिली की अर्धा बँड थांबतो आणि अर्धा चालू राहतो.

गाणं माझ्या गळ्याला उंच जातं. पट्टी खाली मागितली तर चालेल का?

मागता येते, पण आधी समजून घ्या की तुम्ही काय मागताय. आपल्याकडे पेटीवाल्याला ‘काळी पाचऐवजी काळी चार’ म्हटलं की काम झालं. ब्रास सेक्शनमध्ये तसं होत नाही, दोन कारणांनी.

एक, ही वाद्यं स्वतःच्या पट्टीत वाचतात. पियानोवर काळी दोन असेल तर ट्रंपेट आणि टेनर सॅक्सोफोनवाला कागदावर पांढरी चार वाचतो, बॅरिटोनवाला पांढरी एक. दोघांनाही सोपं. तेच गाणं अर्धा स्वर वर, पांढरी तीनमध्ये नेलं, तर ट्रंपेटवाल्याच्या कागदावर सहा तीव्र (स्वर अर्ध्याने चढवायच्या) खुणा येतात आणि बॅरिटोनवाल्याच्या सात. वाजवता येतं, पण पहिल्या तालमीत चुका होणारच. म्हणून ब्रासच्या बँडमध्ये पांढरी चार, काळी पाच, काळी दोन, काळी चार या पट्ट्या जास्त दिसतात. अपवाद आहेतच: टॉवर ऑफ पॉवरचं ‘व्हॉट इज हिप?’ पांढरी तीनवर उभं आहे, कारण तिथे बासचा तळ महत्त्वाचा आहे.

दोन, वाद्यांना वरची-खालची हद्द आहे. बॅरिटोन सॅक्सोफोनचा सर्वांत खालचा स्वर, खालच्या जादा कळीसकट, मंद्रातल्या पांढरी एकपर्यंत उतरतो. मांडणीत तो स्वर आधीच असेल तर पट्टी अर्ध्या स्वराने खाली नेली तरी वादकाला ती ओळ एक सप्तक वर घ्यावी लागते, आणि गाण्याखालचा वजनदार तळ निघून जातो. उलट पट्टी वर नेली तर पहिल्या ट्रंपेटचे ओठ दमतात. दीड तासाच्या कार्यक्रमाच्या शेवटी ते स्वर फाटायला लागतात.

तरीही पट्टी बदलणं गरजेचं असेल तर असं करा:

आधी अर्धा तास गाऊन घसा गरम करा. मग गाण्यातली सर्वांत उंच ओळ पूर्ण जोराने सलग तीनदा गा. तिसऱ्यांदाही पहिल्यासारखी आली तर ती तुमची पट्टी. सकाळी ताज्या घशाने एकदा लागलेल्या स्वरावर पट्टी ठरवू नका. कडव्यावरूनही ठरवू नका. व्हँपमध्ये आवाज जिथे पोचतो ती उंची धरा.

मग किती उतरायचं ते बघा. पांढरी चारवरून अर्धा स्वर उतरून पांढरी तीन मागण्यापेक्षा पूर्ण स्वर उतरून काळी दोन मागितली तर वादक खूश राहतील.

निदान आठवडाभर आधी सांगा. संगणकावर पट्टी क्षणात बदलते, पण कुठली ओळ सप्तक वर-खाली करायची हे माणसालाच बघावं लागतं, तेही पाचही वाद्यांच्या कागदावर.

तिसरा मार्ग अनेकांना सुचत नाही: पट्टी तीच ठेवून चाल वळवा. उंच स्वर मागच्या गायकांना द्या आणि त्याच वेळी तुम्ही खालून, बोलल्यासारखं गा. चर्चमधल्या गाण्यात ही पद्धत मुरलेली आहे, त्यामुळे सोलमध्ये ती उसनी वाटत नाही.

‘ठोक्याच्या मागे गा’ असं सांगतात. म्हणजे उशिरा गायचं का?

उशिरा सुरू करायचं, उशिरा संपवायचं नाही. घोटाळा इथेच होतो. ओळीचा पहिला शब्द ठोक्याच्या किंचित मागे पडतो, शेवटचा शब्द बँडबरोबर येतो. सगळीच ओळ मागे राहिली तर ड्रमवाल्याला वाटतं गायक रेंगाळतोय. तो लय धरून ठेवायला जातो आणि पूर्ण गाणं जड होतं.

आकड्यांत बघा. मिनिटाला १०० ठोके असतील तर एक ठोका ६०० मिलिसेकंदांचा, त्याचा चौथा भाग १५० मिलिसेकंदांचा. ‘व्हॉट इज हिप?’सारख्या गाण्यात बास जवळजवळ प्रत्येक चौथा भाग वाजवतो, एका आवर्तनात सोळा. तुम्ही १५० मिलिसेकंद मागे गेलात तर तुम्ही पुढच्या स्वरावर आदळता, आणि ते ढिलं वाटत नाही, चुकलेलं वाटतं. मागे राहायचं ते याच्या अगदी थोड्या अंशाने.

रियाज असा: गाण्याची लय १०० असेल तर मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) ५० वर लावा आणि त्याचे ठोके दुसरी आणि चौथी मात्रा समजा. पहिली आणि तिसरी मात्रा तुमच्या अंगात हवी. आधी पायाने, मग शब्द न म्हणता टाळीने, मग एकाच ओळीने. रेकॉर्ड करून ऐका. पहिल्या आठवड्यात मेट्रोनोम उलटा वाटेल, पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर सरकेल. सरकला की थांबून पुन्हा सुरू करा, ओढत नेऊ नका. ज्यांना समेवर यायची सवय आहे त्यांना पहिली मात्रा पटकन कळते. दुसऱ्या-चौथ्या मात्रेवरचा स्नेअरचा (ड्रमसंचातल्या कडक आवाजाच्या ड्रमचा) फटका अंगात मुरायला वेळ लागतो.

ब्रासच्या आवाजात मला मीच ऐकू येत नाही. काय करू?

आवाज वाढवू नका. गोंगाटात माणूस नकळत मोठ्याने बोलतो, तसा गायक नकळत ओरडतो आणि तिसऱ्या गाण्यात घसा बसतो. त्याऐवजी पुढच्या गोष्टी तपासा.

जागा. ट्रंपेटचा आवाज कर्ण्याच्या तोंडाच्या दिशेने सरळ जातो, उंच स्वर तर फारच सरळ. ब्रास चौथऱ्यावर असेल आणि तुम्ही समोर खाली, तर ती तोंडं नेमकी तुमच्या कानाच्या पातळीवर येतात. दोन पावलं बाजूला सरका. फरक लगेच कळतो.

माइक. श्युअर एसएम५८ सारखा साधा हातातला माइक ओठांपासून दोन ते पाच सेंटिमीटरवर धरा, जोराच्या स्वराला दहा-पंधरा सेंटिमीटरपर्यंत लांब न्या. जाळीला मुठीने झाकू नका. माइकला मागून येणारा आवाज अडवायला जाळीखाली फटी असतात. त्या झाकल्या की तो चहूकडून ऐकायला लागतो आणि शिट्टी मारतो. गाणं संपल्यावर हात खाली सोडून माइक मॉनिटरकडे, म्हणजे गायकाला त्याचा आवाज ऐकवणाऱ्या मंचावरच्या स्पीकरकडे, वळवला तरी शिट्टी येते.

मॉनिटर. एसएम५८ला मॉनिटर बरोबर समोर, म्हणजे माइकच्या पाठीच्या सरळ रेषेत हवा. बीटा ५८ सारख्या अरुंद पकडीच्या माइकला दोन मॉनिटर डावी-उजवीकडे तिरके हवेत, कारण तो थेट मागून थोडं ऐकतो. माइक बदलला आणि मॉनिटर तिथेच राहिले, तर साउंडचेकमध्ये ठीक वाटलेली गोष्ट कार्यक्रमात बिघडते.

मॉनिटरमध्ये काय हवं हे सांगताना क्रम ठेवा: आधी स्वतःचा आवाज, मग किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअर, मग सुरासाठी कीबोर्ड किंवा गिटार. ब्रास जवळजवळ नकोच. तो मंचावर तसाही ऐकू येतो. ‘सगळं वाढवा’ म्हटलं की काहीच ऐकू येत नाही.

कान. अमेरिकेतली व्यावसायिक सुरक्षिततेची शिफारस ८५ डेसिबलला आठ तास अशी आहे आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटं उरते. ब्रासच्या बँडपुढे हा आकडा सहज गाठला जातो. संगीतकारांसाठीचे ९ किंवा १५ डेसिबल कमी करणारे कानातले बोळे वापरा. कानात मॉनिटर घालत असाल तर एक कान उघडा ठेवू नका. उघड्या कानाला मंच झोडपतो आणि दुसऱ्या कानातला आवाज तुम्ही वाढवत नेता.

सलग कार्यक्रम असताना घसा कसा सांभाळायचा?

गाण्याने बसतो त्याहून जास्त घसा कार्यक्रमानंतर गोंगाटात गप्पा मारल्याने बसतो. सह्या द्या, फोटो काढा, पण बोला हळू आणि थोडं.

गाण्याआधी पंधरा-वीस मिनिटं हलक्या आवाजात तयारी. जाड स्ट्रॉचं टोक पाण्यात चार-पाच सेंटिमीटर बुडवून त्यातून ‘ऊ’ काढा, बुडबुडे एकसारखे यायला हवेत. कार्यक्रमानंतरही पाच मिनिटं हेच. खाकरू नका, पाणी गिळा. आवाज बसलेला असताना कुजबुजूही नका, गप्प बसा.

आवाज बसला म्हणून स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊन उभं राहणं धोक्याचं आहे. सूज लपते, इजा तशीच राहते. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी स्वररज्जूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. जोराच्या कार्यक्रमाआधी त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. गाताना अचानक आवाज गेला तर त्याच क्षणी थांबा. तीन-चार आठवडे घोगरेपणा राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने तपासून घ्या.

गायक पहिल्या गाण्यापासून मंचावर का नसतो?

जुनी आणि चांगली रीत आहे. बँड एक-दोन वाद्यगाणी वाजवतो, निवेदक नाव घेत घेत वातावरण तापवतो, मग गायक येतो. सोल गायक जेम्स ब्राउन यांनी ही पद्धत शिगेला नेली. डॅप-किंग्जमध्ये गिटारवादक बिंकी ग्रिप्टाइट निवेदन करत, आणि बँड पूर्ण तापल्यावर जोन्स येत. व्यावहारिक फायदाही आहे: साउंड इंजिनिअरला दहा मिनिटं मिळतात. गायक आल्यावर फक्त एकच गोष्ट जुळवायची उरते, त्याचा आवाज.

आधीच्या गायकाची गाणी हुबेहूब गायची का?

चाल आणि शब्दांची फेक, हो. जागा आणि हरकती, नाही. लोक टॉवर ऑफ पॉवरचं ‘यू आर स्टिल अ यंग मॅन’ ऐकायला येतात तेव्हा सुरुवातीची ट्रंपेटची ललकारी आणि मुखडा त्यांना तसाच हवा असतो. तिथे नवेपणा दाखवू नका. व्हँप तुमचा. पहिलं वर्षभर तरी हा नियम पाळा. नंतर बँडच तुम्हाला मोकळीक देतो, कारण वादकांनाही तेच तेच वाजवायचा कंटाळा आलेला असतो.

पैसे कसे मिळतात?

अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं तर पैसे गीतकार-संगीतकाराला मिळतात, गायकाला नाही. इंटरनेट आणि उपग्रह रेडिओवर मिळतात: साउंडएक्स्चेंज या वसुली संस्थेमार्फत ५० टक्के ध्वनिमुद्रणाच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलाकाराला, ५ टक्के साथीच्या वादक-गायकांच्या निधीला. मुख्य कलाकार म्हणून बँडचं नाव असेल तर ते ४५ टक्के बँडच्या सभासदांत वाटले जातात. तुम्ही सभासद आहात की दर कार्यक्रमाच्या बिदागीवर आलेले, यावर सगळं ठरतं. भारतात कॉपीराइट कायद्याच्या २०१२च्या दुरुस्तीनंतर गायकाचा रॉयल्टीचा हक्क कायद्यात स्पष्ट झाला आहे आणि सादरकर्त्याचे हक्क ५० वर्षं टिकतात, तेव्हा इथल्या बँडबरोबर ध्वनिमुद्रण करतानाही कागद करून घ्या.

लेखी काय हवं: तालमीचे पैसे मिळणार का, कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण विकलं तर हिस्सा किती, गाण्यात तुम्ही शब्द वा चाल घातली तर नाव लागणार का, सोडताना किती दिवस आधी सांगायचं, आणि सोडल्यावर जाहिरातीत ‘अमुक बँडचे माजी गायक’ असं छापता येईल का, किती मोठ्या अक्षरांत. शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटतो. भांडणं त्यावरच होतात.

बँडच्या नावात स्वतःचं नाव घालून घ्यावं का?

शक्य असेल तर जरूर. ‘हॅरल्ड मेल्व्हिन अँड द ब्लू नोट्स’ या बँडमध्ये टेडी पेंडरग्रास आधी ड्रमवादक होते, १९७०मध्ये मुख्य गायक झाले. ‘इफ यू डोन्ट नो मी बाय नाऊ’ त्यांनीच गायलं, पण नाव मेल्व्हिन यांचं. त्यामुळे लोक पेंडरग्रास यांनाच हॅरल्ड मेल्व्हिन समजत. पुढच्या रेकॉर्डवर त्यांचं नाव जोडलं गेलं, तरी बेबनाव मिटला नाही. ते बाहेर पडले आणि १९७७च्या पहिल्या स्वतंत्र अल्बमने त्यांना स्वतःच्या नावाने ओळख दिली.

शिकागोच्या रूफस या बँडमध्ये याउलट झालं. १९७२मध्ये पॉलेट मॅकविल्यम्स यांच्या जागी एकोणीस वर्षांच्या चाका खान आल्या. १९७४मध्ये ‘टेल मी समथिंग गुड’ तिसऱ्या क्रमांकावर गेल्यानंतर बँडचं नावच ‘रूफस फीचरिंग चाका खान’ झालं. १९७८मध्ये त्या स्वतंत्र गाऊ लागल्या तेव्हा श्रोत्यांना नाव आधीच माहीत होतं. करारामुळे मधूनमधून रूफसबरोबरही अल्बम करत राहिल्या आणि १९८३च्या ‘एन्ट नोबडी’ने तो अध्याय संपवला. बँड सोडायचा असेल तर ही पद्धत आम्हाला सर्वांत शहाणपणाची वाटते: आधी नाव, मग स्वतंत्र रेकॉर्ड, आणि जुनं घर लगेच पेटवून न देणं.

ऐकायला सुरुवात कुठून करू?

‘सो व्हेरी हार्ड टु गो’ तीनदा ऐका, हेडफोन लावून. पहिल्यांदा फक्त बॅरिटोन सॅक्सोफोन ऐका, सर्वांत खालचा, खडबडीत आवाज. दुसऱ्यांदा फक्त स्नेअर. तिसऱ्यांदा लेनी विल्यम्स यांचा श्वास: ते कुठे घेतात आणि त्या वेळी कोण वाजवत असतं. नंतर ‘१०० डेज, १०० नाइट्स’ लावा आणि गाण्याच्या मध्यावर लय अचानक बदलते तिथे शॅरन जोन्स काय करतात ते बघा. बँड नव्या लयीत शिरत असताना त्या घाई करत नाहीत.